जखमी हृदयाला ठिगळ

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत पर्वत पाटिया, सुरत येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आपण मला दिलात, त्याबद्दल मी वाचनालयाचा ऋणी आहे. अशा प्रसंगी वक्त्याने ग्रंथमहिमा गावा, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु मी आयुष्यभर विज्ञान शिकवले. तेव्हा ग्रंथांनी मला जे दिले त्याचा एखादा नमुनाच आपल्यापुढे ठेवावा, हे मला अधिक उचित वाटले. म्हणून विषय निवडला तो हृदयाच्या दुरुस्तीचा. जखमी हृदयावर मूलपेशी नेऊन ठेवण्यासाठी शास्त्रज्ञ आज जी आधारजाळी विणू पाहत आहेत, तिच्याविषयी मला बोलायचे आहे.

हा विषय निवडण्यामागे एक खासगी कारणही आहे आणि ते आरंभीच सांगून टाकणे प्रामाणिकपणाचे होईल. माझा मावसभाऊ खानदेशातून तरुणपणी या शहरात आला आणि यंत्रमागावर त्याने सारी उमेद घालवली. बावन्नाव्या वर्षी त्याला हृदयविकाराचा जबरदस्त झटका आला. जीव वाचला, पण हृदयाची शक्ती निम्म्याहून खाली आली. जिना चढवेना, रात्री उताणे झोपवेना. अशा वेळी दूरच्या एका शहरातील एका खासगी दवाखान्याचे पत्रक कोणीतरी त्याच्या हाती दिले. मूलपेशींच्या सुईने हृदय पुन्हा नवे होते, असे त्यात छापलेले होते. तो पत्रक घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, तू विज्ञान शिकवलंस. तू सांग, करू का?" मी पत्रक वरवर वाचले आणि म्हणालो, "करून पाहायला हरकत नसावी." गावाकडची दीड एकर जमीन गेली. सुई टोचली गेली. प्रकृतीत काडीचाही फरक पडला नाही आणि चौदा महिन्यांनी तो गेला. कदाचित तो तसाही गेला असता. परंतु जमीन गेली नसती आणि त्या चौदा महिन्यांतली खोटी आशाही त्याच्या वाट्याला आली नसती. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा येत नव्हते, आणि येत नाही हे मी कबूल केले नाही. पुढे जे वाचले ते त्या प्रश्नासाठीच. आजचे व्याख्यान म्हणजे त्याला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे, असे समजावे.

प्रथम मूळ अडचण पाहू. आपले हृदय मिनिटाला सुमारे सत्तर वेळा, म्हणजे दिवसाकाठी एक लाख वेळा आकुंचन पावते. त्याच्या डाव्या जवनिकेत स्नायूंच्या दोन ते चार अब्ज पेशी असतात. हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी गुठळीने बंद झाली की प्राणवायूअभावी या पेशी मरू लागतात आणि मोठ्या झटक्यात काही तासांच्या आत त्यांतील सुमारे एक चतुर्थांश नष्ट होऊ शकतात. हाताला कापले तर कातडी नवी येते. यकृताचा मोठा भाग काढला तरी ते वाढून पूर्ववत होते. हृदय मात्र मेलेल्या स्नायूच्या जागी वण भरते. हा वण चिवट असतो, हृदय फुटू देत नाही, हे त्याचे उपकार. परंतु तो आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूवर भार वाढतो, जवनिका हळूहळू ताणून मोठी व पातळ होते आणि माणूस धापा टाकू लागतो.

हृदयाच्या पेशी नव्याने मुळीच तयार होत नाहीत काय? या प्रश्नाचे उत्तर मोठ्या विलक्षण मार्गाने मिळाले. १९५० नंतरच्या दशकात महासत्तांनी उघड्यावर अणुचाचण्या केल्या आणि वातावरणातील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण एकाएकी वाढले. १९६३ च्या करारानंतर ते उतरत गेले. त्या काळात जन्मलेल्या प्रत्येक पेशीच्या जनुकद्रव्यात त्या त्या वर्षाचा जणू शिक्का बसला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ साली या शिक्क्यावरून हृदयपेशींचे वय काढले. पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आणि साऱ्या आयुष्यात निम्म्या पेशीदेखील बदलत नाहीत. विनाशासाठी केलेल्या चाचण्यांतून असे ज्ञान हाती आले. त्याचा अर्थ असा की हृदयाजवळ नूतनीकरणाची शक्ती आहे, पण ती मुठीतून गळणाऱ्या धान्याइतकीच. झटक्याने रिकामे झालेले कोठार तिने भरत नाही.

या असहायतेशी झुंजण्याचा इतिहास आपल्या मुंबईतही घडला आहे. परळचे केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. तेथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन या शल्यविशारदांनी १९६० नंतरच्या वर्षांत एक धाडसी कल्पना मांडली. सापाच्या हृदयाची भिंत स्पंजासारखी सच्छिद्र असते आणि तिच्या बऱ्याच भागाला पोकळीतील रक्त थेट मिळते. मग माणसाची रोहिणी बंद झाली तर हृदयाच्या भिंतीला सुईने बारीक भोके पाडून पोकळीतील रक्त स्नायूपर्यंत का नेऊ नये? सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली आपले हे प्रयोग अमेरिकेतील एका मान्यवर शल्यशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे हेच काम लेझर किरणांनी करण्याची पद्धत पाश्चात्य देशांत निघाली. परंतु पाडलेली भोके बुजून जातात असे दिसून आले. त्याच डॉ. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, केपटाऊनच्या डॉ. बर्नार्ड यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या अडीच महिन्यांत, भारतातील पहिले मानवी हृदय-प्रत्यारोपण केईएममध्ये केले. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या प्रत्यारोपणातही यश आले नाही. मेंदूमृत्यूला आपल्याकडे तेव्हा कायद्याची मान्यताही नव्हती; ती १९९४ च्या कायद्याने मिळाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदय-प्रत्यारोपण केले. मुंबईला मात्र यशासाठी ऑगस्ट २०१५ पर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे थांबावे लागले.

सेन यांची भोके बुजली, त्यांचे रुग्ण वाचले नाहीत. तरीही मी त्यांचे नाव आदराने घेतो, याचे कारण आहे. आपण काय करतो आहोत आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे त्यांनी जगापुढे छापून ठेवले. अपयश लपवले नाही. पुढे मी जे सांगणार आहे त्यात प्रामाणिक अपयश आणि अप्रामाणिक यश यांतील फरक आपल्याला वारंवार दिसेल.

आता मूलपेशींकडे वळू. जी पेशी स्वतःसारख्या पेशी निर्माण करू शकते आणि प्रसंगी निराळ्या प्रकारच्या पेशींतही रूपांतर पावू शकते, ती मूलपेशी. वर्तमानपत्रांत आपण तिला 'स्टेम सेल' या नावाने वाचतो. अस्थिमज्जेत रक्ताच्या मूलपेशी असतात. रक्ताच्या कर्करोगावर अस्थिमज्जा-रोपण हा अनेक दशकांचा खात्रीचा उपचार आहे. मग याच पेशी हृदयात सोडल्या तर त्यांचा हृदयस्नायू होईल, असे काही संशोधकांना वाटू लागले. २००० साली पॅरिसमध्ये फिलिप मेनाशे यांनी रुग्णाच्या मांडीच्या स्नायूतील पेशी वाढवून त्या हृदयात टोचल्या. पुढल्याच वर्षी जर्मनीत अस्थिमज्जेच्या पेशी हृदय-रोहिणीतून सोडल्या गेल्या. दिल्लीतही असे प्रयोग झाले. मांडीच्या पेशी जगल्या तेथे त्यांनी हृदयाचा ताल धरला नाही, उलट काही रुग्णांत तो बिघडवला. अस्थिमज्जेच्या पेशींचा हृदयस्नायू होत नाही, हे यथावकाश सिद्ध झाले.

याच क्षेत्रात विज्ञानाला खाली मान घालावी लागली असा एक प्रसंग घडला. अमेरिकेतील पिएरो अन्वेर्सा या संशोधकाने २००१ पासून असे दावे केले की मज्जेतील पेशी मेलेला हृदयस्नायू पुन्हा घडवतात, एवढेच नव्हे तर हृदयातच मूलपेशींचा साठा असतो. त्या आधारावर जगभर चाचण्या सुरू झाल्या, पैसा ओतला गेला, रुग्णांच्या आशा पल्लवित झाल्या. इतर प्रयोगशाळांना तेच निष्कर्ष मिळेनात. अखेर ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाने व संबंधित रुग्णालयाने त्यांच्या प्रयोगशाळेतील एकतीस शोधनिबंध मागे घ्यावेत, असे सांगितले. त्यांतील माहिती बनावट वा फेरफार केलेली होती. सुमारे सतरा वर्षे गेली. विज्ञान चुका सुधारते हे खरे, पण तोपर्यंत रुग्ण थांबून राहत नाहीत.

तथापि मूलपेशींची कल्पना तेथे संपली नाही. २००६ साली क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या कातडीतील साध्या पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने मूलपेशींच्या अवस्थेत परत नेले. २००७ मध्ये मानवी पेशींतही ते साधले आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा पेशींपासून प्रयोगशाळेत खराखुरा, स्वतःहून धडधडणारा हृदयस्नायू तयार करता येतो. पेशींचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला. पण दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे उत्तर विणकराच्या ओळखीचे आहे. या पेशी हृदयात ठेवायच्या कशा?

सुईने टोचलेल्या पेशींचे काय होते? धडधडत्या स्नायूतून त्या पिळून बाहेर पडतात, रक्ताबरोबर फुप्फुसांत नि इतरत्र वाहून जातात, आणि मागे राहतात त्यांतील बहुतेक आधाराअभावी मरतात. अनेक प्रयोगांत काही तासांनंतर हृदयात एक दशांश पेशीही उरलेल्या नव्हत्या. वाऱ्यावर सुटा कापूस फेकून भिंतीला गोधडी चिकटेल अशी अपेक्षा करण्यासारखेच हे होते. शरीरातील पेशी कधी सुट्या राहत नाहीत. त्यांच्याभोवती कोलॅजेन आदी प्रथिनांचे एक सूक्ष्म जाळे असते. पेशी त्याला धरून बसतात, त्यावरून दिशा ओळखतात, त्याच्या ताणावरून आपले काम समजून घेतात. म्हणून पेशी द्यायच्या तर जाळ्यासकट द्याव्यात, हा विचार पुढे आला. इमारत बांधताना गवंडी परांची उभारतो आणि भिंत उभी राहिली की ती उतरवतो, येथेही तेच. फरक इतकाच की ही परांची शरीरानेच हळूहळू विरघळवून टाकायची असते. रॉबर्ट लँगर व जोसेफ व्हॅकँटी या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९९३ साली या विचाराची सुसूत्र मांडणी केली आणि ऊतक-अभियांत्रिकी हे नाव सर्वतोमुखी झाले.

परंतु या विचाराचे मूळ अधिक जुने आहे आणि ते कापडात आहे. न्यूयॉर्कचे तरुण शल्यविशारद आर्थर व्हूरहीस यांना १९४७ च्या सुमारास एका कुत्र्याच्या हृदयात राहून गेलेला रेशमी टाका दिसला. काही महिन्यांत त्यावर तुळतुळीत अस्तर चढले होते. त्यांच्या मनात आले, टाक्यावर शरीर अस्तर चढवते तर कापडाच्या नळीवर का चढवणार नाही? १९५२ मध्ये त्यांनी कापडी रोहिणीचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच सुमारास ह्यूस्टनचे मायकेल डीबेकी कापड आणायला बाजारात गेले. त्यांना नायलॉन हवे होते; ते संपले होते, म्हणून विक्रेत्याने डेक्रॉन नावाचे नवे कापड पुढे केले. आईने लहानपणी शिवणकाम शिकवले होते. त्या शिदोरीवर त्यांनी घरच्या शिवणयंत्रावर नळी शिवली. ती शरीराला मानवली. सभासदहो, डेक्रॉन म्हणजे दुसरेतिसरे काही नसून पॉलिएस्टर. ज्या धाग्यावर हे सुरत शहर जगते, हजिऱ्याच्या कारखान्यात जो तयार होतो, ज्याचे ताके या पर्वत पाटियावरून रोज टेम्पोंतून बाजाराकडे जातात, त्याच जातीच्या धाग्याच्या रोहिण्या गेली सत्तर वर्षे माणसांच्या छातीत व पोटात रक्त वाहून नेत आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली हृदयाची झडप आपल्याला ठाऊक असेल. डॉ. वल्याथन यांच्या नेतृत्वाखाली तिचे पहिले तीन नमुने फसले. चौथा ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णाला बसवला गेला आणि आजवर एक लाखाहून अधिक बसवले गेले आहेत. झडप हृदयाला शिवण्यासाठी जे कडे असते, तेही पॉलिएस्टरच्याच विणीचे.

रोहिणीला नळी पुरते. हृदयाच्या भिंतीला मात्र साधे कापड पुरत नाही. तिला लागणाऱ्या कापडाचे गुण विणकराच्या भाषेत सांगतो. पहिला गुण लवचीकपणाचा. दिवसातून लाख वेळा ताणले जाऊनही ते झोळ पडून सैल होता कामा नये आणि घट्ट होऊन स्नायूला जखडताही कामा नये. दुसरा गुण दिशेचा. हृदयाचे तंतू वाटेल तसे पसरलेले नसतात. बाहेरच्या थरात ते एका बाजूला तिरके, आतल्या थरात उलट बाजूला तिरके, असे मळसूत्राप्रमाणे गुंडाळलेले असतात. म्हणून हृदय नुसते आवळत नाही. ओले धुणे पिळावे तसे ते पिळले जाते. एकेक तंतू लांबीने फार तर पंधरा-वीस टक्के आखडतो, पण या रचनेमुळे जवनिका आपले निम्म्याहून अधिक रक्त बाहेर फेकते. तिसरा गुण पोताचा. पेशीला प्राणवायू रक्तवाहिनीपासून केसाच्या एक-दोन जाडीइतक्या अंतरापर्यंतच पोचतो. त्यापलीकडची पेशी गुदमरते. म्हणून ठिगळ जाड हवे असेल तर त्यात नव्या रक्तवाहिन्यांना शिरायला वाट हवी. चौथा गुण विजेचा. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे विद्युत्‌लहर. ठिगळाने ती लहर उचलून पुढे नेली पाहिजे. नाही तर मागावर एकच धोटा उलटा पळावा तसा ताल बिघडेल. आणि पाचवा गुण विरण्याचा. पेशी स्वतःचे जाळे विणतील त्या वेगाने मूळ कापड विरावे. आधी विरले तर पेशी उघड्यावर पडतात, उशिरा विरले तर तेच नवा वण होऊन बसते.

हे गुण साधण्यासाठी नाना वाटा धुंडाळल्या गेल्या. मिनेसोटात डोरिस टेलर यांनी २००८ साली मेलेल्या उंदराचे हृदय साबणासारख्या द्रावणाने धुऊन त्यातील साऱ्या पेशी काढून टाकल्या. उरले ते पांढरे, अर्धपारदर्शक प्रथिनांचे जाळे. त्यात नव्या पेशी पेरल्यावर काही दिवसांत ते किंचित धडधडू लागले. शक्ती होती प्रौढ हृदयाच्या दोन टक्क्यांइतकी. टोकियोच्या तेरुओ ओकानो यांनी आधारजाळीच टाळली. त्यांनी अशी थाळी केली की ती थोडी थंड केली म्हणजे तिच्यावर वाढलेल्या पेशींचा पापुद्रा अखंड सुटून येतो. हार्वर्डमध्ये २०२२ साली किट पार्कर यांच्या गटाने जत्रेतल्या 'बुढ्ढी के बाल' मिठाईच्या यंत्रासारख्या फिरत्या चातीतून अतिसूक्ष्म तंतू काढले आणि ते मळसूत्री पद्धतीने गुंडाळून जवनिकेचा साचा केला. त्यावर हृदयपेशी वाढवल्या तेव्हा सरळ गुंडाळीपेक्षा तिरक्या गुंडाळीची जवनिका अधिक द्रव बाहेर टाकते, असे प्रत्यक्ष दिसले. सूत काढणे, गुंडाळणे, विणणे. प्रयोगशाळेत गेली तरी कामे तीच.

मग रुग्णापर्यंत यातले काय पोचले? येथे मी शब्द जपून वापरणार आहे. मांडीच्या पेशी टोचणारे तेच डॉ. मेनाशे, आपली पहिली वाट चुकली हे मान्य करून, ऑक्टोबर २०१४ मध्ये नव्या वाटेने आले. गर्भजन्य मूलपेशींपासून घडवलेल्या हृदयपेशी त्यांनी फायब्रिनच्या ठिगळात बसवल्या आणि बायपासच्या वेळी अडुसष्ट वर्षांच्या एका स्त्रीच्या हृदयावर ते ठिगळ लावले. जखमेवर रक्त ज्या जाळ्याने गोठते, तेच हे फायब्रिन. एकूण सहा रुग्णांवर हा प्रयोग झाला. उपचार करता येतो आणि त्याचा विशेष धोका दिसला नाही, इतकेच त्यातून सिद्ध झाले. जपानने २०१५ साली मांडीच्या पेशींच्या पापुद्र्याला सशर्त मंजुरी दिली. परंतु पुढील वर्षांत अपेक्षित गुण दाखवता न आल्याने २०२४ मध्ये ती कायम झाली नाही आणि उत्पादन मागे घेण्यात आले. यामानाकांच्या पद्धतीने घडवलेल्या हृदयपेशींचा पापुद्रा ओसाकात डॉ. योशिकी सावा यांच्या गटाने जानेवारी २०२० मध्ये प्रथम रुग्णाला लावला आणि २०२५ साली त्याच्या मंजुरीसाठी अर्ज केला गेला.

सर्वांत महत्त्वाचा पुरावा मला वाटतो तो जर्मनीतील ग्यॉटिंगेनचा. तेथे वोल्फ्राम-हुबर्टस झिमरमन हे पंचवीस वर्षांहून अधिक काळ कोलॅजेनच्या जाळ्यात हृदयस्नायू वाढवत आले आहेत. आधी उंदीर, मग माकडे, आणि २०२१ पासून माणसे. जानेवारी २०२५ मध्ये 'नेचर' नियतकालिकात त्यांनी शेहेचाळीस वर्षांच्या एका स्त्री-रुग्णाची हकिगत दिली. तिच्या खचलेल्या हृदयावर चाळीस कोटी पेशी असलेली ठिगळे शिवण्यात आली. तीन महिन्यांनी तिला दात्याचे हृदय मिळाले, तेव्हा काढलेले जुने हृदय तपासता आले. ठिगळातील स्नायू जिवंत होता आणि त्यात रक्तवाहिन्या शिरल्या होत्या. ठिगळ माणसाच्या हृदयावर जगते, हे अशा रीतीने डोळ्यांनी दिसले. पण त्याने हृदय किती सुधारते, आयुष्य किती वाढते, याचा निर्णय एका रुग्णावरून होत नाही. शिवाय पेशी परक्या असल्याने शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. तालबिघाड व गाठ होण्याची भीती यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. पहाट झाली आहे. ऊन पडायला अवकाश आहे.

आपल्या देशात या दिशेने काय चालले आहे, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. हृदयाच्या आधी डोळ्याचे उदाहरण देतो. रसायनाने भाजलेल्या डोळ्याच्या कडेच्या मूलपेशी नष्ट होतात आणि बुबुळावर पडदा चढतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत २००१ पासून दुसऱ्या, निरोगी डोळ्याच्या कडेच्या पेशी घेऊन, त्या गर्भाभोवतीच्या पातळ आवरणावर वाढवून भाजलेल्या डोळ्यावर बसवल्या जाऊ लागल्या आणि शेकडो लोकांना दृष्टी मिळाली. आधारजाळीवर मूलपेशी नेण्याचे तत्त्व तेच. पण डोळा ठोके देत नाही, म्हणून काम तुलनेने सोपे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमाच्या प्रथिनापासून शरीरात वापरायची सच्छिद्र द्रव्ये घडवण्याचे मोलाचे काम झाले आहे. आणि पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतून २०२१ साली झेब्रामाशाच्या हृदयाविषयी एक सुंदर निबंध प्रसिद्ध झाला. आपल्याच उपखंडातील ओढ्यांत राहणारा हा बोटभर मासा. त्याच्या जवनिकेचा पाचवा हिस्सा कापला तरी दोनएक महिन्यांत तो पुन्हा स्नायूने भरून काढतो, वणाने नव्हे, हे २००२ साली ठाऊक झाले होते. पुण्याच्या संशोधकांनी दाखवले की जखम होताच पेशींभोवतीच्या जाळ्यात एक विशिष्ट प्रथिन स्रवते आणि ते या पुनर्निर्मितीला चालना देते. म्हणजे जाळे ही नुसती परांची नव्हे. ते पेशींशी बोलतही असते. उद्याच्या ठिगळात कोणते शब्द विणायचे, हे आपल्याला कदाचित या माशाकडून शिकावे लागेल.

आता पुन्हा माझ्या मावसभावाच्या प्रश्नाकडे येतो. "दादा, करू का?" आज कोणी मला असे विचारले तर मी तीन गोष्टी सांगेन. पहिली, हृदयासाठी मूलपेशींचा कोणताही उपचार आपल्या देशात आज नित्याचा, मान्य उपचार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे प्रयोग केवळ रीतसर परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतात. दुसरी, खरी चाचणी असेल तर तिची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद असते, नैतिकता समितीची मान्यता असते, आणि प्रयोगाच्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत. जेथे आधी पैसे मागतात तेथून उठून यावे. तिसरी, जो संशोधक आपल्या उपचाराचे अपयशही छापून सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा. ज्याच्या पत्रकात केवळ बरे झालेल्यांचीच छायाचित्रे असतात, त्याच्यावर नव्हे.

आणि ठिगळ येईपर्यंत काय? हातात जे आहे ते थोडे नाही. छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम, अशी लक्षणे दिसताच वात किंवा पित्त समजून घरी वेळ न घालवता रुग्णालय गाठले, तर बंद रोहिणी उघडता येते आणि स्नायू मरण्याआधीच वाचतो. वाचलेल्या स्नायूला ठिगळ लागत नाही. त्यापुढे औषधे नियमित घेणे, रक्तदाब, साखर, तंबाखू. ही नीरस वाक्ये आपण शंभरदा ऐकली आहेत. पण कोणत्याही सुईने जे आजवर केले नाही ते या नीरस वाक्यांनी केले आहे. आणि ज्यांचे हृदय पूर्णच खचले, त्यांच्यासाठी दात्याचे हृदय. या बाबतीत सुरतेने अभिमान वाटावा असे काम केले आहे. डिसेंबर २०१५ मध्ये येथील एका मेंदूमृत दात्याचे हृदय विमानाने मुंबईला नेण्यात आले. काढलेले हृदय साधारण चार तासांच्या आत धडधडू लागावे लागते. म्हणून पोलिसांनी दोन्ही शहरांत रस्ते मोकळे केले. त्यानंतरही सुरतेची अनेक हृदये परगावी गेली आहेत. १९६८ मध्ये परळला जे साधले नाही, त्यात आता या शहरातील कुटुंबांचा हात लागला आहे. दुःखाच्या त्या घटकेला ज्यांनी होकार दिला, त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे.

शेवटी वाचनालयाविषयी दोन शब्द. माझा भाऊ पत्रक घेऊन माझ्याकडे आला त्या दिवशी माझ्या घरात पुस्तके होती, पण मी ती उघडली नाहीत. शिकलेल्या माणसाच्या तोंडी "हरकत नसावी" हे शब्द किती सहज येतात आणि त्यांची किंमत दुसऱ्याला किती द्यावी लागते, हे मी शिकलो. या गावात आपली माणसे मागावर, बाजारात, कारखान्यांत राबायला आली, आणि त्यांच्या हाती रोज नवी पत्रके येत आहेत. त्यांनी ती घेऊन येथे यावे, आणि येथे बसलेल्या कोणीतरी म्हणावे, "थांबा, आधी पाहू या." वाचनालयाच्या दुसऱ्या शतकाला मी याहून मोठी शुभेच्छा देऊ शकत नाही.